आईबाबांच्या कॅन्सरमध्ये शुश्रूषेचे पाच गुण

घरात कॅन्सरचे निदान झाले की कुटुंबाच्या तोंडी एकच प्रश्न येतो : आता काय करायचे? उपचार डॉक्टर करणार, औषधे तेच ठरवणार. मग मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे यांच्या हाती काय उरते? घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या भागांतल्या विहारांत येणाऱ्या कुटुंबांकडून हा प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. आमचे उत्तर असे की कुटुंबाच्या हाती फार मोठे काम उरते. कॅन्सरचा उपचार काही महिने, कधी काही वर्षे चालतो. त्यातला इस्पितळातला वेळ थोडा असतो. बाकीचे सगळे दिवस आणि सगळ्या रात्री घरात जातात.

हे काम कसे करावे याचे मार्गदर्शन आपल्या धम्मात फार जुने आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. त्याला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही कामाला येत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आणि आनंद तिथे आले. आनंदांनी पाणी आणले. तथागतांनी पाणी ओतले आणि आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलले व मंचावर निजवले. नंतर तथागतांनी भिक्खूंना एकत्र बोलावून समजावले की इथे तुमची काळजी घ्यायला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा प्रसंग आवर्जून घेतला आहे.

महावग्गात याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध नीट देता आले पाहिजे. रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे कळले पाहिजे. त्याने सेवा लाभासाठी न करता मैत्रीने करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि त्याला वेळोवेळी धम्माचे बोल सांगून रुग्णाचे मन उभारी धरेल असे करता आले पाहिजे. या पाच गुणांचा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या जागी औषध आहे आणि शेवटी धम्मोपदेश. दोन्ही हवेत, पण एकाची जागा दुसऱ्याने घ्यायची नाही. हेच पाच गुण धरून आजच्या मुंबईत आपल्या आईबाबांसाठी काय करता येईल, ते या लेखात पाहू.

आधी मनातली जळमटे काढू

निदान कळले की शेजारपाजारचे, कधी घरातलेही, ‘मागच्या जन्मीचे काहीतरी असेल’ असे बोलून जातात. बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना त्याच ग्रंथात तपासून नाकारली आहे. आईच्या गाठीला तिचे कुठलेही पाप कारण नाही. शरीरातल्या पेशींच्या वाढीवरचा ताबा सुटतो तेव्हा कॅन्सर होतो. त्याची काही कारणे माहीत आहेत. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि विडी यांमुळे तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कॅन्सर होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घ संसर्गाने होतो. वाढते वय हेही कारण आहे. पुष्कळदा कारण सापडत नाही. बाबांनी आयुष्यभर तंबाखू खाल्ली असली, तरी आजारपणात त्यावरून त्यांना बोल लावण्यात काही अर्थ नाही. तंबाखू मात्र आजच बंद करायला हवी, कारण उपचार सुरू असताना ती चालू राहिली तर उपचारांचा गुण कमी येतो.

आणखी दोन गैरसमज. कॅन्सर स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी अस्पृश्यता भोगली, त्या आपल्या घरांत तरी आजारी माणसाचा पेला वेगळा होता कामा नये. आणि तुकडा काढून तपासल्याने, म्हणजे बायोप्सीने, कॅन्सर पसरतो ही भीती खोटी आहे. बायोप्सीशिवाय आजाराचा नेमका प्रकार कळत नाही, आणि प्रकार कळल्याशिवाय योग्य उपचार ठरत नाही. या भीतीपायी दोन-तीन महिने गेले तर आजार पुढच्या टप्प्यात जाऊ शकतो.

पहिला गुण : औषध नीट देता येणे

कॅन्सरच्या उपचाराचे मुख्य मार्ग तीन : शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन. रेडिएशनला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. कधी एकच मार्ग पुरतो, कधी तिन्ही लागतात. केमो बहुधा ठराविक अंतराने देतात, अनेक उपचारांत दर २१ दिवसांनी. रेडिएशन बहुतेक वेळा आठवड्यातून पाच दिवस असते. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये ते सहा-सात आठवडे चालू शकते. म्हणजे तीसेक वेळा जाणे आणि तीसेक वेळा येणे. ज्यांनी मुलुंड किंवा बोरिवलीहून परळपर्यंत असा प्रवास केला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. देशभरातून रुग्ण येतात, त्यामुळे गर्दी आणि प्रतीक्षा आहे. याच संस्थेचे खारघरला अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र आहे आणि काही रुग्णांना उपचारासाठी तिकडे पाठवतात. नोंदणी करताना ‘जनरल’ आणि ‘प्रायव्हेट’ असे वर्ग असतात. जनरलमध्ये खर्च बराच कमी असतो. कोणता वर्ग घ्यायचा, हे ओळखीच्या माणसाच्या सल्ल्यावर न सोडता तिथल्या समाजसेवा विभागात विचारून ठरवावे.

मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी स्लो लोकलने परळला उतरावे, पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी स्लो लोकलने प्रभादेवीला. कॅन्सरच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवास करता येतो. इस्पितळाचे कागद जवळ ठेवावेत. लांबच्या गाडीने गावाहून येणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये पूर्ण सवलत, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा ठराविक नमुन्यातला दाखला इस्पितळातून घ्यावा लागतो.

घरात पुढची चार कामे पहिल्याच आठवड्यात करावीत.

एक, मोठी फाइल करा. तपासणीचे कागद तारखेप्रमाणे लावा. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दोन, एक वही करा. कोणते औषध, किती वाजता, कोणी दिले, ताप किती, शौच झाली की नाही, किती खाल्ले, कुठे दुखते हे रोज दोन ओळींत लिहा. डॉक्टरांना पाच मिनिटांत सगळे सांगायचे असते, तेव्हा ही वहीच बोलते.

तीन, विचारायचे प्रश्न आदल्या रात्री लिहून न्या. आजार कुठल्या टप्प्यात आहे? उपचार बरे करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? किती दिवस, किती खर्च? कुठल्या त्रासासाठी रात्री-बेरात्री यावे आणि कुठे यावे?

चार, आईबाबांना आधीपासून असलेली मधुमेह, रक्तदाब, दमा यांची औषधे डॉक्टरांना दाखवा. ती आपल्या मनाने बंद करू नका.

औषधपाण्याचे हे काम किरकोळ वाटू नये. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाल्यापासून डॉ. सविता तथा माईसाहेब आंबेडकरांनी त्यांचे पथ्य आणि औषध सांभाळले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आहे. आपल्याला हा ग्रंथ पुरा करण्याइतके आयुष्य मिळाले, त्यात त्या दोघांचा वाटा आहे, असा तिचा आशय आहे. वर्षावासात आपण जो ग्रंथ वाचतो, त्यामागे कोणाची तरी शुश्रूषा उभी आहे.

दुसरा गुण : हितकर आणि अहितकर ओळखणे

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. त्या काळात साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून घरात तापमापी हवीच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. इस्पितळाने सांगितलेल्या ठिकाणी, ते लांब असेल तर जवळच्या मोठ्या इस्पितळाच्या तातडी विभागात जा आणि ‘केमो सुरू आहे’ हे दारातच सांगा. डॉक्टरांशी बोलण्याआधी तापाची गोळी देऊ नका, कारण ताप उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. थंडी वाजून हुडहुडी भरणे, दम लागणे, कुठूनही रक्त येणे, चोवीस तास पोटात पाणीही न टिकणे, सारखे जुलाब होणे, गुंगी येऊन असंबद्ध बोलणे, पायांतली ताकद अचानक जाणे, यांपैकी काहीही झाले तरी लगेच निघा.

जेवणाबद्दल शेजारी शंभर सल्ले देतील. दूध बंद करा, साखर बंद करा, फक्त फळांचा रस द्या. उपचारात शरीराला ताकद लागते आणि पथ्याच्या नावाखाली उपास घडला तर वजन उतरून उपचार अर्ध्यात थांबवावा लागू शकतो. ताजे, नीट शिजवलेले, गरम जेवण द्या. अंडी, मासे, चिकन, डाळ, उसळ, दूध, पनीर यांतले जे रुचेल आणि पचेल ते चालते. बोंबील-सुकटाची चटणी भाकरीशी आवडत असेल आणि तोंड आलेले नसेल तर तीही चालेल. एका वेळी भरल्या ताटापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्या. पाणी उकळून गार केलेले. गाडीवरची पाणीपुरी, कापून ठेवलेली फळे, उसाचा रस, अर्धेकच्चे अंडे टाळा. तोंड आले असेल तर मऊ भात, पेज, खिचडी, कस्टर्ड द्या, तिखट-आंबट वर्ज्य करा. कोमट पाण्यात थोडे मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करायला लावा. नाकातून नळी घालून अन्न द्यायला सांगितले, तर ते शेवटचे लक्षण समजू नका. तोंड बरे होईपर्यंत पोट चालू ठेवायची ती सोय आहे.

काढे, जडीबुटी, चमत्कारी पुड्या यांबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे. काही वनस्पतींचा यकृतावर परिणाम होतो आणि केमोची औषधे शरीरातून बाहेर पडण्यात अडथळा येतो. काही द्यायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लपवून देऊ नका. अंगारा, गंडा, उतारा यांना तर आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या तेव्हाच रामराम केला आहे. पण हतबल झालेला माणूस कुठल्याही दारी जातो, हेही खरे. घरातले कोणी तिकडे वळले तर त्याला रागावून हाकलू नका. त्याच्या भीतीला जवळ घ्या, आणि उपचाराची तारीख चुकणार नाही एवढे पाहा.

तिसरा गुण : लाभासाठी नव्हे, मैत्रीने

हा गुण वाचताना वाटते की आईबापाची सेवा लाभासाठी कोण करील? पण खोली कोणाच्या नावावर, गावचा जमिनीचा तुकडा कोणाला, पीएफचे पैसे कोणी काढले, यावरून भावांचे बोलणे बंद होते ते नेमके या दिवसांत. सेवा मोजली जाऊ लागली की मैत्री संपते.

त्यावर उपाय म्हणजे काम आणि खर्च सुरुवातीलाच उघडपणे वाटून घेणे. एक रविवार सगळ्या भावंडांनी एकत्र बसावे, रुग्णालाही बसवावे. इस्पितळात कोण जाईल, रात्री कोण झोपेल, डबा कोण करील, पैसे कोण किती देईल, कागदपत्रांचे कोण पाहील, हे नावानिशी कागदावर लिहावे. आमचा अनुभव असा की हे झाले नाही तर सगळा भार एका बाईवर पडतो. बहुधा सुनेवर किंवा न लग्न झालेल्या मुलीवर. तिची नोकरी सुटते, पाठ धरते, आणि ‘तिला सवय आहे’ एवढीच तिची दखल घेतली जाते. मुलग्यांनीही आईचे केस विंचरावेत, बाबांचे पाय चेपावेत, डबा करावा. सेवा करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी मिळाली पाहिजे. मैत्री भावना करताना आपण सुरुवात स्वतःपासून करतो, ती उगीच नाही.

पैशांसाठी दागिने मोडण्याआधी आणि सावकाराकडे जाण्याआधी या वाटा पाहा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचा समावेश आहे. पूर्वी ही राजीव गांधी जीवनदायी योजना होती, २०१७ मध्ये तिला जोतीरावांचे नाव मिळाले. आता आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटा, कारण आधी भरलेले बिल मागाहून योजनेत बसवणे अवघड जाते. दोन्ही कार्डांवरचे नाव सारखे नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. याखेरीज मुख्यमंत्री सहायता निधी आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय न्यासांच्या इस्पितळांवर कायद्याने बंधन आहे की १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. उपनगरांतल्या अनेक बड्या इस्पितळांना हा नियम लागू आहे. ही सोय आपला हक्क आहे, तो मागताना मान खाली घालायचे कारण नाही. मुंबईत १९५१ पासून इंडियन कॅन्सर सोसायटी आणि १९६९ पासून कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन काम करतात, त्यांच्याकडेही विचारणा करावी. गावाहून आलेल्या नातेवाइकांच्या मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

चौथा गुण : किळस नसणे

हा सगळ्यांत अवघड गुण. केमोची ओकारी, रेडिएशनने सोललेली कातडी, तोंडाच्या जखमेचा वास, पोटावर लावलेली शौचाची पिशवी. ज्या आईने आपली लंगोटी बदलली, तिची चादर बदलताना हात मागे येतो, आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते. वास येणे, मळमळणे हे शरीराचे आहे, त्याची लाज नको. तोंड वाकडे करणे मात्र टाळता येते, आणि रुग्ण आपल्या तोंडाकडेच पाहत असतो.

थोडी तयारी असली की काम सोपे होते. केमोनंतर साधारण दोन दिवस औषधाचा अंश लघवी, शौच, ओकारी यांत असतो. या काळात साफ करताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, शौचालयात झाकण लावून दोनदा पाणी सोडा, माखलेले कपडे वेगळे धुवा. गरोदर बाईने हे काम करू नये. चाळीत, एसआरएच्या इमारतीत किंवा वस्तीत शौचालय सामाईक असेल, तर घरात कमोडची खुर्ची किंवा भांडे ठेवा आणि रिकामे केल्यावर जागा भरपूर पाण्याने धुवा. बाहेरून यंत्राने दिलेल्या रेडिएशनमुळे रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, नातवंडांना आजीच्या कुशीत जाऊ द्या. अंघोळ घालताना पडदा लावा, पाणी घेण्याआधी सांगा, आईला मुलीच्या हातून हवी असेल तर तसे करा. दहा बाय दहाच्या खोलीतही रुग्णाची अब्रू राखता येते.

पाचवा गुण : धम्माचे बोल

आजाऱ्याला धम्म सांगणे म्हणजे प्रवचन देणे नव्हे. ‘सगळे अनित्य आहे’ हे वाक्य केमोच्या तिसऱ्या दिवशी उलट्या करणाऱ्या आईला ऐकवले, तर ते क्रूर होते. हीच गोष्ट ‘हा त्रासही जाईल, आजच्यापेक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी बरे वाटेल’ अशी सांगितली, तर ती तिला धीर देते. ‘काही होत नाही, तू खंबीर राहा’ हेही सारखे म्हणू नये. तिला रडायचे असेल तर रडू द्यावे.

रोजची वंदना चुकवू नका. बसता येत नसेल तर पडल्या पडल्या त्रिशरण-पंचशील होते. आवाज नसेल तर नातवाने म्हणावे, तिने ऐकावे. तपासणीच्या आदल्या रात्री झोप येत नाही तेव्हा दहा मिनिटे आनापान करावे : श्वास आत, श्वास बाहेर, फक्त लक्ष. त्याने भीती आणि धडधड कमी व्हायला मदत होते. गाठ मात्र त्याने विरघळत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून सावध राहावे. भन्तेजींना परित्राण पाठासाठी बोलवायचे असेल तर रुग्णाला विचारून, पेशी कमी असलेले दिवस टाळून, माणसे थोडी ठेवून बोलवावे.

आता खरे सांगण्याचा प्रश्न. पुष्कळ घरांत ‘बाबांना सांगू नका, खचतील’ असे ठरते. मग फाइल लपवली जाते, फोन आला की बाहेर जाऊन बोलले जाते. बाबांना हे सगळे दिसत असते. विश्वास उडतो आणि ते एकटे पडतात. आमचे मत असे की रुग्णाला जेवढे जाणून घ्यायचे आहे तेवढे त्याला खरे सांगावे. ‘बाबा, डॉक्टरांनी सांगितलेले तुम्हाला सगळे ऐकायचे आहे का, की थोडे थोडे सांगू?’ असे विचारावे. ते ‘तुम्हीच बघा’ म्हणाले तर त्यांचा मान ठेवावा. ‘सांगा’ म्हणाले तर खोटे बोलू नये. जीव त्यांचा आहे, निर्णयात त्यांचा आवाज हवा.

रुग्णाचेही काम आहे

महावग्गात चांगल्या रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. त्यांतला एक असा की त्याने आपला आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे हे सेवा करणाऱ्याला खरे सांगावे. आपल्या आयांना हेच जमत नाही. पोरांचा खर्च वाढेल, सुनेची झोप मोडेल म्हणून त्या दुखणे दाबून ठेवतात. म्हणून ‘बरं आहे ना?’ असे विचारू नका, त्यावर ‘हो’ हेच उत्तर येते. ‘शून्य ते दहामध्ये किती दुखते?’ असे विचारा आणि आकडा वहीत लिहा.

दुखणे सहन करण्यात काही पुण्य नाही. वेदनेची औषधे पायरीपायरीने द्यावीत, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच मांडले. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या असतात. ‘त्याची चटक लागेल’, ‘पाचवे शील मोडेल’ असे काही जण म्हणतात. डॉक्टरांनी वेदनेसाठी ठरवून दिलेल्या मात्रेत मॉर्फिन घेणे ही नशा नाही. पंचशील बेहोशी आणणाऱ्या व्यसनापासून दूर राहायला सांगते, औषधापासून नव्हे. मॉर्फिनने शौचास कडक होते, म्हणून सोबत दिलेले पोट साफ होण्याचे औषध रोज द्यावे.

विहाराने काय करावे

आपल्याकडे १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिरे होतात, याचा अभिमान आहे. पण कॅन्सरच्या रुग्णाला लागणाऱ्या प्लेटलेट्स फक्त पाच दिवस टिकतात. १४ एप्रिलला दिलेल्या प्लेटलेट्स मेअखेरीस कोणाच्या उपयोगी नाहीत. म्हणून प्रत्येक विहाराने रक्तगटांप्रमाणे दात्यांची यादी करून वर्षभर पाळीने रक्तदान करावे. दुसरे, फळ्यावर पंचशील ध्वजाच्या शेजारी एक कोरा कागद लावावा. ज्या घरी उपचार सुरू आहे त्यांना विचारून, त्यावर सोबतीचे वार लिहावेत : सोमवारी परळला कोण जाईल, बुधवारी डबा कोण देईल. फॉर्म भरता येणारा एक तरुण प्रत्येक विहारात असतोच, त्याने योजनेच्या कागदांचे काम घ्यावे. भेटायला जाणाऱ्यांनी आधी फोन करावा, सर्दी-ताप असेल तर जाऊ नये, दहा मिनिटे बसावे, आणि ‘आमच्या ओळखीतले एक असेच गेले’ ही गोष्ट सांगू नये.

उपचार थांबतो तेव्हा

काही वेळा डॉक्टर सांगतात की आता बरे करणारा उपचार नाही. तेव्हाही शुश्रूषा थांबत नाही, उलट तिची गरज वाढते. वेदना, धाप, जखमा, झोप यांसाठी पॅलिएटिव्ह विभाग असतो आणि त्याची मदत शेवटच्या आठवड्यात न घेता आधीपासून घ्यावी. वांद्र्याचे शांती अवेदना सदन हे अशा रुग्णांसाठीचे भारतातले पहिले सेवास्थान, १९८६ पासूनचे.

लांब राहणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच सांगू की वेळेवर या. १९१३ मध्ये सुभेदार रामजी आजारी असल्याची तार मिळाली तेव्हा बाबासाहेब बडोद्याला नोकरीत होते. ते लगेच निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. वडिलांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही वेळातच, २ फेब्रुवारीला, प्राण सोडला. इतक्या प्रेमाच्या लेकालाही सेवेला दिवस मिळाले नाहीत. आपल्याला उपचाराचे काही महिने मिळत असतील, तर ते दिवस वाया घालवू नयेत.

आपल्या घरी किंवा शेजारी कोणाचा उपचार सुरू असेल, तर हा अंक मिटल्यावर वही आणि तापमापी आणा, आणि येत्या रविवारी भावंडांची बैठक लावा. फोन करून विचारा की या आठवड्यात परळला सोबत कोण हवे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.